लांबलचक वर्ड फाइलमधले लपलेले बुकमार्क: कोण टाकतं, कशासाठी, आणि उडवायचे की ठेवायचे?

मोहफूल:
नमस्कार मंडळी,

गडचिरोली-गोंदियाच्या सीमेवरच्या गावांत सध्या सामूहिक वनहक्क व्यवस्थापन आराखड्यांची टायपिंग जोरात सुरू आहे. २००६च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला आपलं जंगल राखण्याचा आणि त्याचं व्यवस्थापन करण्याचा हक्क दिला. २०१२च्या सुधारित नियमांनी आराखडा करायचं काम ग्रामसभेच्या समितीकडे दिलं. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा)ला २००९ साली हक्क मिळाला, त्यामागून बरीच गावं आली. मी अशा समित्यांना फायली लावून द्यायला मदत करते.

या फायली मोठ्या असतात. गावाचा इतिहास, कक्ष क्रमांक, मोहफूल-तेंदू-बांबूचे तक्ते, नकाशे, ग्रामसभेचे ठराव, परिशिष्टं. मजकुरात जागोजागी ‘तक्ता ७ पाहा’, ‘प्रकरण ४ मध्ये दिल्याप्रमाणे’ असे उल्लेख. काल सगळं नीट असतं आणि छापायला दिलं की अनुक्रमणिकेत पान क्रमांकाच्या जागी ‘एरर! बुकमार्क नॉट डिफाइंड’ येतं, नाहीतर मजकुरात मधेच ‘एरर! रेफरन्स सोर्स नॉट फाउंड’. समितीतली पोरं म्हणतात, ताई, आम्ही तर बुकमार्क टाकलेच नाहीत. बरोबर आहे त्यांचं. ते वर्डने टाकलेले असतात.

तुम्ही आपोआप बनणारी अनुक्रमणिका घातली की वर्ड प्रत्येक शीर्षकाभोवती एक अदृश्य खूण ठोकतो. तिचं नाव अंडरस्कोरने सुरू होतं, पुढे टीओसी ही तीन अक्षरं आणि मग लांब आकडा. ‘क्रॉस-रेफरन्स’ वापरून तक्त्याचा किंवा प्रकरणाचा उल्लेख केला की तिथे अंडरस्कोर-रेफ आणि आकडा अशी खूण बसते. नावाची सुरुवात अंडरस्कोरने झाली की वर्ड ते नाव यादीत दाखवत नाही, लपलेला बुकमार्क म्हणतात तो हाच. अनुक्रमणिकेतल्या ओळीला शीर्षकाचे शब्द किंवा पान काहीच ठाऊक नसतं. तिला फक्त त्या खुणेचं नाव ठाऊक असतं. धुऱ्यावरचा दगड हलला की मोजणी चुकते, तसं ती खूण गेली की पान क्रमांक गेला.

पाहायचं कसं? ‘इन्सर्ट’मध्ये ‘बुकमार्क’ उघडा, किंवा कंट्रोल+शिफ्ट+एफ५ दाबा. खिडकीच्या खालच्या भागात ‘हिडन बुकमार्क्स’ असा चौकोन आहे, त्यात टिक करा. रिकामी वाटणारी यादी एकदम भरते. ‘लोकेशन’नुसार लावली तर नावं फाइलीतल्या क्रमाने येतात. एखादं निवडून ‘गो टू’ दाबलं की नेमका कोणता मजकूर त्या खुणेत आहे तो निवडून समोर येतो. दुसरी तपासणी ऑल्ट+एफ९ ची. ती दाबली की मजकुरातले संदर्भ आपलं खरं रूप दाखवतात: महिरपी कंसात ‘पेजरेफ’ किंवा ‘रेफ’ आणि पुढे त्या खुणेचं नाव. परत ऑल्ट+एफ९ दाबलं की मजकूर पूर्ववत. लॅपटॉपवर बऱ्याचदा सोबत एफएन बटणही दाबावं लागतं.

नेटवरचे बरेच सल्ले ‘सगळे लपलेले बुकमार्क मॅक्रोने उडवा’ एवढ्यावर थांबतात. माझं म्हणणं उलट आहे. आधी ते वाचायला शिका, मग ठरवा. तुमचे अनुभव लिहा.

झेरॉक्सवाला_भाऊ:
ताई, चांगला धागा काढला. माह्या दुकानात हे रोज होऊन रायलं. पोरगं पेनड्राइव्ह घेऊन येते, घरी फाइल चांगली दिसते म्हणते, अन् माह्याकडे प्रिंट काढली का एरर. मग भांडण दुकानदारासोबत.

दोन गोष्टी सांगतो. एक, वर्डच्या ऑप्शनमध्ये ‘डिस्प्ले’च्या खाली ‘अपडेट फील्ड्स बिफोर प्रिंटिंग’ असते. ज्या कॉम्प्युटरवर त्याले टिक आहे, तिथं छापायच्या आधी वर्ड सगळे संदर्भ नव्यानं शोधते. खूण आधीच गेलेली असते, पण घरी कोणी अपडेट केलं नसते म्हणून जुना आकडा तसाच दिसते. म्हणजे दुकानात बिघडत नाही, बिघडलेलं दुकानात दिसते.

दुसरी गोष्ट कृतिदेववाल्यांची. अनुक्रमणिका कृतिदेव फॉन्टमध्ये असली तर तिथं ‘एरर’ वाचताच येत नाही. इंग्रजी अक्षरं कृतिदेवच्या कळांप्रमाणे मराठी होतात, म्हणून ‘म्ततवत’ अन् ‘ठववाउंता’ असं ठळक अक्षरात छापून येते. लोक म्हणतात फॉन्ट खराब झाला, नाहीतर व्हायरस आला. मी आता अनुक्रमणिकेत ‘म्ततवत’ दिसलं का लगेच सांगतो, फॉन्ट बरोबर आहे, तुमचा बुकमार्क गेला.

मोहफूल:
भाऊ, ‘म्ततवत’ची ओळख फार उपयोगाची आहे, आमच्या समित्यांना पाठवते. यावर उपाय म्हणजे घरीच कंट्रोल+ए करून एफ९ दाबायचं, म्हणजे सगळे संदर्भ अपडेट होतात, अनुक्रमणिका पूर्ण डोळ्याखालून घालायची आणि मग पीडीएफ करून तीच दुकानात न्यायची. पीडीएफमध्ये कुठल्याही कॉम्प्युटरवर काही नव्याने शोधलं जात नाही.

एफ९ दाबल्यावर अनुक्रमणिकेसाठी वर्ड विचारतो: फक्त पान क्रमांक बदलू की पूर्ण तक्ता? एखादं शीर्षक तुम्ही खोडलं असेल आणि ‘फक्त पान क्रमांक’ निवडलं, तर खोडलेल्या शीर्षकाची ओळ तशीच राहते आणि तिच्यापुढे एरर येतो. ‘एन्टायर टेबल’ निवडा, ती ओळच निघून जाईल.

सातपुडा_पायथा:
मी मेळघाटाकडच्या एका महाविद्यालयात शिकवतो, पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांचे प्रबंध बघतो. आमच्याकडे वेगळाच प्रकार दिसतो. मजकुरात ‘तक्ता ५ पाहा’ असायला हवं, तिथे अपडेट केल्यावर आख्खा परिच्छेद घुसतो. एकदा तर ‘पाहा’च्या आधी अख्खं छायाचित्र आलं होतं. हे कशाने होतं?

मोहफूल:
सर, त्या तक्त्याच्या मथळ्याच्या अगदी सुरुवातीला कर्सर ठेवून कोणीतरी एंटर मारलं असणार, आणि वर तयार झालेल्या ओळीत परिच्छेद टाइप केला किंवा छायाचित्र चिकटवलं. खूण मथळ्याच्या पहिल्या अक्षराच्या आधी सुरू होते. कर्सर खुणेच्या उघडत्या कंसाच्या आत पडला तर तिथे लिहिलेलं सगळं खुणेत सामावतं. संदर्भ मग इमानदारीने खुणेत असलेलं सगळं उचलून आणतो.

बुकमार्कच्या यादीत त्या खुणेवर ‘गो टू’ करून बघा, परिच्छेदासकट सगळं निवडलेलं दिसेल. सोपा उपाय: घुसलेला मजकूर कट करून मथळ्याच्या वरच्या आधीच्या परिच्छेदाच्या शेवटी एंटर मारून तिथे चिकटवा, मग एफ९. पुढच्या वेळी मथळ्याच्या वर जागा करायची असेल तर आधीच्या परिच्छेदाच्या शेवटी जाऊनच एंटर मारायचं. एवढी एक सवय लागली की हा प्रकार जवळजवळ थांबतो.

सातपुडा_पायथा:
आता उलगडलं. आमच्या विद्यार्थिनीने अगदी हेच केलं होतं, कोरकू शब्दांच्या तक्त्यावर प्रस्तावनेचा परिच्छेद नंतर घातला होता.

पळसबन:
एवढं कशाला करता? कंट्रोल+ए, मग कंट्रोल+शिफ्ट+एफ९. सगळे संदर्भ साधा मजकूर होऊन जातात, एररचा प्रश्नच मिटतो. मी ग्रामपंचायत विकास आराखड्याला हेच करतो.

मोहफूल:
शेवटची प्रत असेल आणि तीही वेगळ्या नावाने जपलेली असेल तर चालेल. पण ज्या फाइलीत अजून बदल व्हायचे आहेत तिच्यावर हे करू नका. अनुक्रमणिकेतले पान क्रमांक गोठतात. तक्त्यांचे क्रमांकही गोठतात, म्हणजे मध्ये एक तक्ता घातला की पुढचे सगळे हाताने बदलायचे. लिंकही जातात. आणि एरर आधीच आलेला असेल तर तोच शब्द साधा मजकूर म्हणून कायमचा छापला जातो. शिवाय मुख्य मजकुरात कंट्रोल+ए केलं तरी तळटीपा आणि पानाखालचा भाग निवडला जात नाही, तिथले संदर्भ तसेच राहतात.

ग्रामसभेत आराखडा वाचला जातो, लोक दुरुस्त्या सांगतात, पुन्हा वाचला जातो. आमच्या फायली अशा फिरत राहतात. म्हणून गोठवण्याचं काम मी अगदी शेवटी ठेवते.

एखादाच संदर्भ काही काळ बदलू नये असं वाटत असेल तर त्यावर कर्सर ठेवून कंट्रोल+एफ११. तो कुलूपबंद होतो. कुलूप काढायला कंट्रोल+शिफ्ट+एफ११.

पळसबन:
पटलं. आमच्या आराखड्यात बदल फार होत नाहीत म्हणून त्रास झाला नसेल. ठेवायची प्रत वेगळी करतो आता.

बोडी_तलाव:
भंडारा जिल्ह्यातून. पाच गावांची लोक जैवविविधता नोंदवही एकत्र करून तालुक्यासाठी एक संकलन करतो आहोत. पहिल्या गावाची फाइल नीट लावली आणि बाकीच्या चार गावांनी तीच ‘सेव्ह अॅज’ करून आपापली माहिती भरली. आता पाचही फायली एका फाइलीत पेस्ट केल्या. एरर एकही नाही. पण दुसऱ्या गावाच्या मासळीच्या परिच्छेदात ‘तक्ता ३ पाहा’ येतंय, जो पहिल्या गावाचा तक्ता आहे. दुसऱ्या गावाचा तक्ता आता १४ झाला आहे. असं का?

मोहफूल:
हा सगळ्यात घातक प्रकार, कारण एरर येत नाही आणि छापलेलं खरं वाटतं. सविस्तर लिहिते.

‘सेव्ह अॅज’ने फाइलीची नक्कल होते तेव्हा लपलेल्या खुणांची नावंही जशीच्या तशी जातात. म्हणजे तुमच्या पाचही फायलींत मासळीच्या तक्त्याच्या खुणेचं नाव एकच आहे, आकड्यासकट. आणि एका फाइलीत एका नावाची एकच खूण राहू शकते. पाच एकत्र केल्या की पाचपैकी एकच टिकते. संदर्भ मात्र पाचही गावांचे येतात आणि पाचही त्या एकाच खुणेकडे बोट दाखवतात. तुमच्या बाबतीत पहिल्या गावाची टिकलेली दिसते.

खात्री करायची असेल तर ऑल्ट+एफ९ दाबा आणि दुसऱ्या व तिसऱ्या गावाच्या मासळीच्या परिच्छेदातलं नाव ताडून पाहा. सारखंच असेल.

आता एकत्र झालेल्या फाइलीत एकेक संदर्भ काढून क्रॉस-रेफरन्सने नव्याने घालणं हा एक मार्ग आहे. संदर्भ थोडे असतील तर तोच बरा. जास्त असतील तर जुळणी मोडून मूळ पाच फायलींकडे परत जा आणि एकत्र करण्याआधी प्रत्येक गावाच्या खुणांची नावं वेगळी करा.

त्याची माझी पद्धत अशी. २००७पासूनची डॉक्सएक्स फाइल म्हणजे मुळात झिप असते. तिची प्रत काढा आणि ती प्रत सेव्हन-झिपमध्ये उघडा. आत ‘वर्ड’ नावाचा फोल्डर, त्यात ‘डॉक्युमेंट’ नावाची एक्सएमएल फाइल. ती साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा, एफ४ दाबलं की उघडते. तिथे प्रत्येक खूण दोन तुकड्यांत दिसते: ‘बुकमार्क-स्टार्ट’मध्ये नाव आणि ‘बुकमार्क-एंड’मध्ये फक्त जुळणारा क्रमांक. संदर्भांमध्येही तेच नाव लिहिलेलं असतं. आता शोधा-बदला करून अंडरस्कोर-रेफ जिथे जिथे आहे तिथे त्याच्यापुढे गावाचं एक इंग्रजी अक्षर घाला. दुसऱ्या गावाला बी, तिसऱ्याला सी. खूण आणि संदर्भ दोन्हीकडे एकाच वेळी बदल होतो, म्हणून जोडी तुटत नाही. सेव्ह करा, झिप बंद करताना ‘अपडेट करू का’ विचारेल त्याला हो म्हणा. मग ती फाइल वर्डमध्ये उघडून कंट्रोल+ए, एफ९ करा आणि सगळे संदर्भ आधीसारखेच आहेत ना ते बघा. क्वचित एखाद्या संदर्भाचं नाव आत दोन तुकड्यांत विभागलेलं असतं, तिथे बदल होत नाही आणि लगेच एरर दिसतो. तो एक हाताने नव्याने घाला. तळटीपांतले संदर्भ ‘फुटनोट्स’ नावाच्या वेगळ्या एक्सएमएलमध्ये असतात, तिथेही हेच करायचं.

अनुक्रमणिकेच्या टीओसीवाल्या खुणांना हात लावायची गरज नाही. संकलनात सगळ्यांची मिळून अनुक्रमणिका नव्यानेच बनवायची आहे, गावांच्या जुन्या अनुक्रमणिका पेस्ट करण्याआधी काढून टाका.

बोडी_तलाव:
ताई, हे आज रात्री करून पाहतो. म्हणजे छापून गेलं असतं तर पाचही गावांची मासळी पहिल्या गावाच्या तळ्यातली ठरली असती. आमच्याकडे ढिवर समाजाच्या म्हाताऱ्यांनी बसून नावं सांगितली आहेत, ती चुकीच्या गावावर जाणं बरोबर नाही.

मोहफूल:
अगदी हेच. ज्या गावाचं ज्ञान त्या गावाच्या नावावरच राहायला हवं.

लिब्रे_लोणार:
लिब्रेऑफिसवाल्यांसाठी. एफ५ दाबलं की नॅव्हिगेटर उघडतो, त्यात बुकमार्कचा वेगळा गट असतो. फील्डची, म्हणजे संदर्भांची, नावं बघायला कंट्रोल+एफ९. एक सल्ला: फाइल अर्धी वर्डमध्ये, अर्धी लिब्रेऑफिसमध्ये असं करू नका. लिहा कुठेही, पण संदर्भ आणि अनुक्रमणिका शेवटी ज्या प्रोग्राममधून पीडीएफ काढणार त्यातच घाला.

टंकनिका:
मी टायपिंग सेंटरमध्ये काम करते. यादीत टीओसी आणि रेफ सोडून इतरही नावं दिसतात. अंडरस्कोर-गोबॅक, अंडरस्कोर-एचएलके, आणि एकदा तर अंडरस्कोर लावून आमच्या प्रकरणाचंच नाव होतं. हे उडवले तर चालतील?

मोहफूल:
गोबॅक ही वर्ड २०१०पासूनची सोय. तुम्ही शेवटचं कुठे लिहीत होता ती जागा फाइलीसोबत जपली जाते, फाइल उघडून शिफ्ट+एफ५ दाबलं की कर्सर तिथे जातो. मोठ्या फाइलीत फार कामाची आहे. असू द्या. उडवली तरी नुकसान नाही.

प्रकरणाच्या नावाची खूण कोणीतरी त्या शीर्षकाला लिंक दिली म्हणून तयार झाली असणार. ती उडवली तर लिंक मेली.

एचएलके किंवा बाकी कुठल्याही नावाबद्दल शंका असेल तर एकच चाचणी करा. टीओसीवाल्या खुणांना मात्र ही चाचणी लागू नाही, कारण कोड उघडे केले की अनुक्रमणिकेच्या ओळींतली नावं दिसत नाहीत. ऑल्ट+एफ९ दाबून सगळे कोड उघडे करा आणि कंट्रोल+एफने ते नाव शोधा. कुठेच सापडलं नाही तर कोणीही त्या खुणेवर अवलंबून नाही, निर्धास्त काढा. सापडलं तर राहू द्या. तळटीपा असतील तर तिथेही शोधून घ्या. आणि नुसत्या पडून असलेल्या जुन्या खुणा छापल्या जात नाहीत, दिसत नाहीत, त्यामुळे घाईने सफाई करायची गरज नसते.

झेरॉक्सवाला_भाऊ:
अजून एक पाहण्यात आहे. लोक अनुक्रमणिका तेवढी कॉपी करून वेगळ्या फाइलीत टाकतात, सरांना व्हॉट्सअॅपवर दाखवायला. ती फाइल छापली का सगळ्या ओळींपुढं एरर. काहून का खुणा तर मूळ फाइलीत राहिल्या.

मोहफूल:
बरोबर. अनुक्रमणिका दाखवायची असेल तर तेवढ्या पानांची पीडीएफ काढून पाठवा.

शीर्षकांबद्दलही एक लिहायचं राहिलं. शीर्षक बदलायचं असेल तर पूर्ण ओळ खोडून नवी टाइप करू नका, ओळीसोबत खूणही जाते. ओळीच्या आत कर्सर ठेवून शब्द बदला. प्रकरण दुसरीकडे हलवायचं असेल तर पूर्ण शीर्षकासकट कट करून त्याच फाइलीत चिकटवा, खूण सोबत जाते. कॉपी केलं तर खूण मूळ जागीच राहते, नकलेला मिळत नाही. आणि ‘कीप टेक्स्ट ओन्ली’ने पेस्ट केलं तर खुणा आणि संदर्भ दोन्ही गळतात.

पळसबन:
एक वेगळी गरज आहे. आमच्या आराखड्यात गावाचं एकूण क्षेत्र जागोजागी येतं. मोजणीत आकडा बदलला की सगळीकडे बदलावा लागतो आणि कुठेतरी जुना राहतोच. या खुणा आपण स्वतः टाकू शकतो का?

मोहफूल:
टाकू शकता, आणि यासाठी तर जरूर टाका. जिथे क्षेत्र पहिल्यांदा येतं तिथला फक्त आकडा निवडा, ‘हेक्टर’ सोडून. तक्त्यात असेल तर पूर्ण खाना निवडू नका, आकडाच. मग कंट्रोल+शिफ्ट+एफ५, नाव द्या, ‘अॅड’. नाव इंग्रजी अक्षराने सुरू करा, मध्ये जागा सोडू नका, ४० अक्षरांच्या आत ठेवा. बाकी सगळीकडे ‘क्रॉस-रेफरन्स’मध्ये ‘बुकमार्क’ प्रकार निवडून ते नाव घाला, आणि ‘बुकमार्क टेक्स्ट’ घ्या. ऑप्शनमध्ये ‘अॅडव्हान्स्ड’खाली ‘शो बुकमार्क्स’ला टिक केली की तुमच्या खुणेभोवती चौकोनी कंस दिसतात. ते छापले जात नाहीत.

पळसबन:
केलं, जमलं. पण आकडा निवडून त्यावर नवा टाइप केला तर कंसच गायब झाले.

मोहफूल:
पूर्ण आकडा निवडून त्यावर टाइप केलं की खुणेतलं सगळं जातं, म्हणून खूणही जाते. कर्सर पहिल्या अंकाच्या लगेच मागे ठेवा, म्हणजे कंसाच्या आत, पहिल्या आणि दुसऱ्या अंकाच्या मध्ये. तिथे नवा आकडा पूर्ण टाइप करा. मग त्याच्या आधीचा एक जुना अंक आणि नंतरचे उरलेले जुने अंक खोडा. कंस तसेच राहतील. शेवटी कंट्रोल+ए, एफ९. क्षेत्राचा उल्लेख तळटीपेत असेल तर तिथे जाऊन वेगळं कंट्रोल+ए, एफ९ करा.